मोठ्या बोअरची बोल्ट रायफल : अंगावर येणाऱ्या जनावरासाठी निवड

जखमी झालं की पळून न जाता उलट माणसावर चालून येणारं जनावर, म्हणजे आफ्रिकेत रानम्हैस, हत्ती, सिंह आणि आपल्याकडे जुन्या काळी गवा, वाघ, त्यांच्यासाठी वापरायची .३७५ इंच किंवा त्याहून मोठ्या बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाची रुंदी), बोल्ट म्हणजे नळीमागचा सरकता दांडा हाताने मागेपुढे करून काडतूस भरायची रायफल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, त्यातल्या कलम ९ने शिकार बंद आहे, माणसांना धोकादायक झालेलं जनावर मारायचं तर कलम ११खाली मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश लागतो. मग मुंबईत ही निवड कोणाला करावी लागते? तर ज्यांच्या कपाटात आजोबांची रायफल आहे त्यांना. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर वारशाने आलेली धरूनसुद्धा एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं राहू शकतात, त्यामुळे कोणती ठेवायची आणि कोणती सोडायची हा प्रश्न खराच घरोघरी आला.

लोक आधी बोअर विचारतात. आमच्या मते आधी ॲक्शन, म्हणजे काडतूस भरायची आणि काढायची यंत्रणा, बघावी. या प्रकारच्या जवळजवळ सगळ्या चांगल्या रायफलींचं मूळ जर्मन बंदूककार पॉल माउझरच्या १८९८च्या ॲक्शनमध्ये आहे. तिच्या बोल्टला बाजूने एक लांब, जाड, स्प्रिंगसारखी पट्टी असते, टोकाला नखी. मॅगझिनमधून काडतूस वर सरकतं तेव्हाच त्याच्या बुडाची कड या नखीखाली जाते, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या खोबणीत, शिरायच्या आधीच बोल्टच्या ताब्यात असतं, रायफल आडवी करा, उलटी करा, ते पडत नाही. दुसऱ्या पद्धतीत बोल्ट काडतुसाला फक्त पुढे ढकलतो आणि पकड शेवटी बसते, घाबरून बोल्ट अर्धाच मारला आणि परत ओढला तर पहिलं काडतूस पुढेच राहतं, मागून दुसरं येऊन ठोकतं आणि सगळं अडकतं. समोर म्हैस पंधरा पावलांवर असेल तर तेवढ्यात माणूस संपतो. ही नखीची कल्पना १८९८चीच असं सरसकट लिहिलं जातं पण माउझरच्या १८९२-९३च्या मॉडेलांत ती आधीच दिसते, ९८ने तिला तिसरा सुरक्षेचा लग (बोल्टला अडकवून धरणारा उंचवटा) आणि फुटलेल्या काडतुसाचा गॅस बाहेर सोडायची भोकं दिली. विंचेस्टर मॉडेल ७०मध्येही हीच पकड होती, १९६४मध्ये कंपनीने ती काढून टाकली, म्हणून ६४च्या आधीच्या रायफलीला आजही जास्त भाव.

जुनी रायफल हातात आली की डमी काडतुसं भरून बोल्ट हळू, मग जोरात, मग रायफल आडवी धरून मारून बघावा. एकदाही अडखळला तर बोअर कितीही मोठा असो, ती ठेवू नये.

आता बोअर. आकड्यामागचं नाव ते काडतूस काढणाऱ्याचं, पुढे त्याचं साल आणि गोळीचं वजन ग्रेन या मापात. .३७५ होलंड अँड होलंड, १९१२, ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण २,५०० फुटांनी. काडतूस निमुळतं, त्यामुळे सुरळीत शिरतं आणि सुरळीत निघतं, धक्का बहुतेकांना सोसतो, आफ्रिकेतल्या अनेक देशांत मोठ्या जनावरासाठी कायद्याने हाच किमान बोअर. .४१६ रिग्बी, १९११, ४१० ग्रेन, याची केस (काडतुसाचं पितळी कवच) मुद्दाम मोठी ठेवलेली आहे कारण कॉर्डाइट दारू उन्हात तापली की प्रेशर वाढतं आणि रिकामी केस चेंबरला चिकटून बसते, मोठ्या केसमध्ये प्रेशर कमी राहतं, एप्रिल-मेच्या आपल्या उन्हाला हे फार कामाचं. .४०४ जेफ्री १९०५च्या आसपासची. .४५८ विंचेस्टर १९५६ची, स्वस्त आणि साध्या लांबीच्या ॲक्शनमध्ये बसणारी, पण आखूड केसमध्ये दारू दाबून भरावी लागे, ती कधी गठ्ठा होऊन नीट जळत नसे, आणि याच रागातून जॅक लॉटने १९७१मध्ये लांब केसची .४५८ लॉट काढली.

इंग्रजी राजवटीत .४५० बोअरवर बंदी आली होती, तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण भारताचा संबंध इथेच येतो. .४५० नायट्रो एक्सप्रेस रिग्बीने १८९८मध्ये आणली आणि इंग्रज सरकारने भारतात आणि सुदानात .४५० बोअरची काडतुसं येऊ देणं १९०७च्या सुमारास बंद केलं. कारण असं सांगतात की जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, त्यांचाही बोअर .४५०च मोजला जाई. शिकारीचं काडतूस त्या रायफलीत तसंच बसत नाही हे खरं, पण गोळी उपटून जुन्या केसमध्ये भरता येईल अशी भीती होती, आणि हे स्पष्टीकरण जास्त पटतं. बंदीमुळे गनमेकरांनी .४६५, .४७०, .४७५ असे बोअर काढले, मात्र .४७०चं साल काही ठिकाणी १९०० तर काही ठिकाणी १९०७ छापलेलं आहे. बंदीला उत्तर म्हणून ती निघाली हे मानायचं तर नंतरचं साल जुळतं. बोल्ट रायफलींचे .४०४ आणि .४१६ बंदीमुळेच .४५०च्या खाली राहिले का? तारखा जवळच्या आहेत एवढंच, .४०४ तर बहुधा बंदीच्या आधीची.

छोट्या बोअरच्या बाजूने दोन नावं नेहमी पुढे केली जातात, आफ्रिकेतला हत्तींचा शिकारी बेल आणि आपल्याकडचा नरभक्षकांचा शिकारी जिम कॉर्बेट. बेलने .२७५ रिग्बीने शेकड्यांनी हत्ती मारले, कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर, ती १९०७ची, तसलीच .२७५ भेट मिळाली. पण कॉर्बेटकडे .४५०/४०० दोननळीही होती हे सांगायचं राहून जातं, आणि बेलसारखा नेम किती जणांचा असतो.

वजन चार ते साडेचार किलो हवं. हलकी रायफल खांदा फोडते आणि दुसऱ्या बाराला माणूस डोळे मिटतो. दस्ता अक्रोडाचा असेल तर मुंबईच्या जुलैमध्ये लाकूड पाणी पिऊन फुगतं, नळीला टेकतं आणि नेम सरकतो, म्हणून पावसाळ्यात नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी फिरवून बघावी.

खाजगी माणसाला बाहेरून बंदूक आणणं १९८०च्या दशकापासून जवळजवळ बंद आहे म्हणून इथे जे आहे ते जुनंच. काडतुसंही बऱ्याचदा जुनी कॉर्डाइटची निघतात. त्यांच्या कॅपमधल्या (बुडाच्या पेट घेणाऱ्या टोपीतल्या) क्षारांनी नळी आतून गंजते, नुसत्या तेलाने ते जात नाहीत. बार काढल्यावर त्याच दिवशी ब्रीचकडून, म्हणजे मागच्या तोंडाने, नळीतून उकळतं पाणी ओतायचं, धातू इतका तापतो की पाणी आपोआप सुकतं, मग कोरडं फडकं आणि शेवटी तेल. समुद्राच्या हवेत हे उद्यावर टाकलं तर सकाळी पांढऱ्या चिंधीवर तांबडा डाग येतो.