एका ओळीत हरवलेली तीन अक्षरं

मंडळाच्या स्मरणिकेचं प्रूफ तपासायला मी नाशिकमधल्या एका छापखान्यात बसलो होतो. देणगीदारांच्या यादीत एक वकीलसाहेब होते, सुरगाणा तालुक्यातल्या बाऱ्हे गावचे, देणगी ५०१ रुपये. त्यांच्या एका ओळीत तीन ठिकाणी घोळ झालेला. ‘ॲड.’ मधल्या ‘अ’पुढे ठिपक्यांचं वर्तुळ आलं होतं आणि चंद्र त्या वर्तुळाच्या डोक्यावर जाऊन बसला होता. ‘बाऱ्हे’चं ‘बार्हे’ झालं होतं. आणि ५०१च्या आधी ₹ नव्हतंच, होता नुसता रिकामा चौकोन.

“काका, मोबाइलवर तर सगळं नीट दिसतंय,” ऑपरेटर म्हणाला. “फॉन्टच बदलून टाकू.”

फॉन्ट बदलला. चौकोन गेला. बाकीचे दोन घोळ जागच्या जागी.

असं का झालं, हे समजून घ्यायला हवं, कारण तिथे छापलेलं नाव माणसाचं असतं, गाव माणसाचं असतं. युनिकोड प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देतो. ‘ळ’चा ०९३३, ‘ऱ’चा ०९३१. फाइलीत हे क्रमांक असतात, आकार नसतात. आकार फॉन्टमध्ये असतो आणि कोणत्या क्रमांकाला कोणता आकार याचा तक्ताही फॉन्टमध्येच असतो. तक्त्यात क्रमांक सापडला नाही की फॉन्ट आपला शून्य क्रमांकाचा आकार पुढे करतो. तोच तो चौकोन. युनिकोडमध्ये आज दीड लाखाहून जास्त चिन्हं आहेत आणि एका फॉन्ट फाइलीत जास्तीत जास्त ६५,५३५ आकार मावतात, म्हणजे सगळं असलेला एकच फॉन्ट शोधत बसण्यात अर्थ नाही.

मोबाइल अशा वेळी गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून आकार उसना घेतो. पानं जुळवणारी सॉफ्टवेअरं हे नेहमी करतीलच असं नाही. लाटेक्स हे त्यातलंच एक सॉफ्टवेअर तर बऱ्याचदा ते अक्षरच गाळतं आणि लॉग फाइलीत, म्हणजे आपल्या कामाच्या नोंदवहीत, ‘मिसिंग कॅरेक्टर’ अशी एक ओळ लिहून पुढे जातं. ती ओळ वाचायची सवय लावून घ्यावी, कारण गाळलेलं अक्षर प्रुफात डोळ्यांना दिसत नाही.

रुपयाचं चिन्ह सरकारनं १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते युनिकोडमध्ये आलं. ऑपरेटरनं आकड्यांसाठी निवडलेला फॉन्ट त्याआधीचा. त्यात ते चिन्ह असणार कुठून? नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्या शहरात रुपयाच्या जागी चौकोन यावा, हे मला फार लागलं.

ठिपक्यांच्या वर्तुळाची गोष्ट वेगळी. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आलं २००८ मध्ये, क्रमांक ०९७२. तोवर लोक ‘अ’ लिहून वर चंद्र जोडत, आणि अनेकांच्या बोटांना ती सवय अजून आहे. पण चंद्र ही व्यंजनाला लागायची खूण. आताची अक्षरजुळणी, म्हणजे क्रमांकांवरून आकार मांडणारा सॉफ्टवेअरचा भाग, ‘अ’वर तो स्वीकारत नाही. चंद्राला बसायला आधार नाही असं समजून ती ठिपक्यांचं वर्तुळ पुरवते. म्हणजे फॉन्ट निर्दोष, क्रमांकच चुकीचे. वर्डमध्ये अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा, क्रमांक समोर येतो. ०९७२ आला तर ठीक, ०९४५ आला तर तो चिकटवलेला चंद्र आहे. शोधा-बदला करून सगळ्या फाइलीतला ‘ॲ’ दोन मिनिटांत सुधारता येतो.

‘बाऱ्हे’नं मात्र वेळ घेतला. हा आडवा अर्धा र मराठीचा खास. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत डोंगर आणि समुद्राएवढं अंतर आहे ते त्याच्यामुळेच. तो लिहायच्या दोन रीती आहेत: एक ‘ऱ’ला हलन्त जोडून, दुसरी साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन, क्रमांक २००डी. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. आमची यादी दुसऱ्या रीतीची होती. व्हॉट्सॲपवरून आलेला मजकूर ‘साफ’ करताना ऑपरेटरनं सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकली. त्यांत हे जोडचिन्हही गेलं, आणि आडवा र रफार होऊन ‘ह’च्या डोक्यावर चढला. इथे चौकोन नाही, वर्तुळ नाही, लॉगमध्ये ओळ नाही. संगणकाच्या लेखी ‘बार्हे’ हा पूर्ण बिनचूक शब्द. म्हणून तीनांपैकी सर्वांत घातक चूक मी हीच मानतो: गाव ओळखणारा माणूस प्रूफ वाचायला नसेल तर ती तशीच छापली जाते.

प्रश्नचिन्हं दिसली तर गोष्ट आणखी पुढे गेलेली असते. मराठीला जागाच नसलेल्या जुन्या पद्धतीत फाइल साठवली की प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. मग कुठलाही फॉन्ट ते अक्षर परत आणू शकत नाही, मूळ मजकूरच पुन्हा मागवावा लागतो.

“सगळे ‘र्ह’ एकदम बदलून टाकू का?” ऑपरेटरनं विचारलं. मी थांबवलं. त्याच स्मरणिकेत शिष्यवृत्तीची जाहिरात होती आणि तिच्यात ‘अर्हता’ हा शब्द होता, तिथला रफार खरा. शेवटी मूळ यादी उघडली, शेजारी प्रूफ ठेवलं आणि प्रत्येक ‘र्ह’ आणि ‘र्य’पाशी थांबत आम्ही दोघं ओळीमागून ओळ वाचत गेलो.