शेअर फाउंडेशनकडे, मतं घराण्याकडे: राइनहार्ड मोनच्या दानामागची गोष्ट

बर्टेल्समान ह्या जर्मन मीडिया कंपनीचे बरेचसे शेअर ज्याच्याकडे आहेत त्या बर्टेल्समान फाउंडेशनचा नवा रिपोर्ट आला की जर्मनीत त्याची बातमी होतेच, मग विषय शाळेचा असो, पेन्शनचा असो की नगरपालिकांच्या कर्जाचा. त्यावर वादही दरवेळी होतो, आणि तो समजून घ्यायचा तर कंपनीचा मालक राइनहार्ड मोनने हे सगळं कसं उभं केलं ते बघायला लागतं.

मोनच्या घरचं बर्टेल्समान प्रकाशन १८३५ चं, ग्युटर्सलो गावातलं, सुरुवात धार्मिक पुस्तकांनी झालेली. मोन तिथेच १९२१ मध्ये जन्मला. युद्धात १९४३ ला अमेरिकनांच्या हाती लागला, कॅन्ससच्या छावणीत कैदेत राहिला, १९४६ ला घरी आला आणि पुढच्याच वर्षी बॉम्बहल्ल्यात मोडलेला धंदा हातात घेतला. खरा पैसा आला तो १९५० च्या बुक क्लबमधून. वर्गणी भरायची, कॅटलॉगमधून स्वस्तात पुस्तक निवडायचं, आणि तिमाही संपेपर्यंत काहीच निवडलं नाही तर क्लबने सुचवलेलं पुस्तक आपोआप घरी यायचं. मेंबर आणायचं काम पुस्तक विक्रेत्यांनाच दिलं होतं, त्यामुळे त्यांचाही फायदा व्हायचा, आणि चारच वर्षांत मेंबर दहा लाखांवर गेले. मग रेकॉर्ड, मासिकं, टीव्ही सगळं येत गेलं. आज पेंग्विन रँडम हाऊस हा बडा पुस्तक प्रकाशकही पूर्णपणे ह्याच कंपनीचं आहे.

नाझी काळाबद्दल कंपनी कित्येक वर्षं सांगायची की आमचा विरोध होता म्हणून आम्हाला बंद केलं. १९९८ ला नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने २००२ ला ते खोटं ठरवलं. जर्मन सैन्याला सगळ्यात जास्त पुस्तकं पुरवणारा प्रकाशक हाच होता. हे बाहेर यायला अर्धशतक लागलं, हे मला फार खटकतं.

आता मुख्य मुद्दा. फाउंडेशन १९७७ चं, पण कलाटणी मिळाली १९९३ ला, जेव्हा मोनने कंपनीचे जवळपास ६९ टक्के शेअर फाउंडेशनला देऊन टाकले. ऐकायला हे प्रचंड दान वाटतं आणि रकमेच्या हिशेबाने ते आहेच. पण शेअर दिले तेव्हा मताचा हक्क दिला नाही, तो त्याने स्वतःकडेच ठेवला आणि १९९९ ला एका वेगळ्या छोट्या कंपनीकडे सोपवला, जिथे घरच्या लोकांचा शब्द चालतो. म्हणजे डिव्हिडंड फाउंडेशनला, निर्णय घराण्याचा. शिवाय फाउंडेशनला दिलेल्या शेअरवर वारसा कर लागत नाही, टीकाकार म्हणतात की त्यातून दोन अब्ज युरोच्या वर वाचले. मोनची बाजू अशी की कर भरायला वारसांना शेअर विकावे लागले असते, कंपनी बाहेरच्यांच्या हातात गेली असती आणि त्याने उभी केलेली कामाची पद्धत मोडली असती. त्याने १९७० मध्येच कामगारांना नफ्यात वाटा दिला होता, त्यामुळे ह्या बोलण्यात तथ्य आहे असं मला वाटतं. तरीही कराची सवलत म्हणजे सरकारी तिजोरीवरचा भार, मग त्या पैशाचं काय करायचं हे एका घराण्याने का ठरवावं, ह्याचं नीट उत्तर त्या बाजूकडून मला कधी मिळालेलं नाही.

आणि हे फाउंडेशन दुसऱ्यांना देणग्या वाटत नाही, आपले प्रोजेक्ट स्वतः चालवतं, हे लक्षात घ्यायला हवं. ग्युटर्सलोची सार्वजनिक लायब्ररी नगरपालिकेबरोबर उभी केली, गायकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली, ह्यावर कोण तक्रार करणार. पण १९९४ ला विद्यापीठांच्या कुलगुरूंच्या संघटनेबरोबर काढलेल्या अभ्यास केंद्राने विद्यापीठांत फी घेण्याचा आग्रह लावून धरला, फीवरची देशभरची बंदी रद्द करणाऱ्या २००५ च्या कोर्टाच्या निकालानंतर काही राज्यांनी सेमिस्टरला ५०० युरोपर्यंत फी लावली, पोरं रस्त्यावर उतरली, आणि २०१४ पर्यंत एकूण एक राज्याने ती मागे घेतली. मत कुणाचंही असू शकतं, पण निवडून न आलेल्या संस्थेचं वजन धोरणावर किती पडतं ते इथे दिसलं.

मोन स्वतःचा नियम पाळून साठाव्या वर्षी, १९८१ ला, सीईओ पदावरून उतरला होता, २००९ ला गेला. आज हे आणि त्याच्याशी जोडलेली इतर फाउंडेशन मिळून सुमारे ८१ टक्के शेअर धरून आहेत, उरलेले १९ टक्के घराण्याचे, आणि मतं अजून त्याच छोट्या कंपनीकडे आहेत.