जिवाणूंनी घडवलेले प्लास्टिक खाडीत विरघळते का?

जिवाणूंपासून बनवलेले प्लास्टिक पाण्यात पडताच साखरेसारखे विरघळते, त्यामुळे ते ठाणे खाडीत गेले तरी बिघडत नाही, असा समज ऐरोली-वाशीकडे अनेक वर्षे ऐकू येतो. तो चुकीचा आहे.

पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट) हे असे प्लास्टिक फ्रेंच शास्त्रज्ञ मोरिस लेम्वान्य यांनी १९२६ मध्ये जिवाणूंच्या पेशींत ओळखले. कार्बनयुक्त अन्न भरपूर आणि नायट्रोजन किंवा फॉस्फरस मात्र अपुरा, अशा स्थितीत काही जिवाणू वाढ थांबवून उरलेला कार्बन पेशीत पीएचबीच्या कणांच्या रूपाने साठवतात. अनुकूल परिस्थितीत हा साठा पेशीच्या कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत जातो. उसाची मळी, पनीर करताना उरणारे पाणी, तळणाचे वापरलेले तेल, इतकेच नव्हे तर आंबवलेला ओला कचराही त्यांना खाद्य म्हणून चालतो, आणि माझ्या मते या तंत्राचे खरे मोल इथेच आहे.

परंतु पीएचबी पाण्यात विरघळत नाही. इतर सूक्ष्मजीव आपल्या विकरांनी (एन्झाइमांनी) त्याचे हळूहळू तुकडे करतात, आणि त्याचा वेग तापमान, सूक्ष्मजीवांची संख्या व वस्तूची जाडी यांवर ठरतो. पातळ पापुद्रा काही महिन्यांत संपेल, जाड बाटलीला वर्षे लागू शकतात. शिवाय खाडीच्या प्राणवायूविरहित गाळात विघटन झाले, तर त्यातून मिथेनही निर्माण होतो. तोपर्यंत अशा प्लास्टिकची पिशवी तिवरांच्या मुळांत अडकून राहते, आणि २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत असलेल्या या खाडीतील पक्ष्यांना व माशांना तिचा धोका कायम असतो.