प्रकाश व आकलनवाचक इंग्रजी शब्द

उजेड, चकाकी व दृष्टी यांच्या शब्दांतून समजण्याची क्रिया सांगणारा इंग्रजी भाषेतील शब्दसमूह. लाइट, एन्लाइटन, इल्यूमिनेट, ल्यूसिड, इल्यूसिडेट, क्लिअर, ब्राइट, ब्रिलियंट व इन्साइट हे त्यांतील प्रमुख शब्द होत. अंडरस्टँड व कॉम्प्रिहेंड हे अर्थाने त्यांच्या जवळचे असले, तरी व्युत्पत्तीने त्यांचा प्रकाशाशी संबंध नाही. उलट आज प्रकाशवाचक वाटणारे काही शब्दही मुळात तसे नव्हते.

लाइट या एकाच लेखनात दोन वेगळे शब्द एकवटले आहेत. ‘उजेड’ या अर्थाचे नाम आद्य इंडो-यूरोपीय (संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी इत्यादींची अनुमानित मूळ भाषा) ‘ल्युक्’ या मुळापासून आले. लॅटिन लुक्स व लुमेन, ग्रीक ल्युकोस (शुभ्र) आणि संस्कृत रुच् हे त्याचे सगोत्र (एकाच मुळातून आलेले शब्द) होत. ‘हलका’ या अर्थाचे विशेषण लॅटिन लेविस आणि संस्कृत लघु यांच्या कुळातील असून दोहोंची रूपे जुन्या इंग्रजीतच सारखी झाली होती. लॅटिन लुना (चंद्र) हाही शब्द ल्युक् या मुळाचाच. त्यामुळे ल्यूसिड (सुबोध, शुद्धीवरचा) आणि लूनाटिक (वेडा) हे परस्परविरोधी शब्द एकाच कुळात पडतात. इंग्लंडच्या कायद्यात मनोरुग्णाच्या मधल्या शुद्धीच्या काळास ‘ल्यूसिड इंटरव्हल’ म्हणत. डोक्याला मार लागल्यानंतर रुग्ण काही काळ शुद्धीवर राहून पुन्हा बेशुद्ध होतो, त्या मधल्या अवस्थेस वैद्यकात आजही हीच संज्ञा आहे.

अंडरस्टँड हे क्रियापद जुन्या इंग्रजीपासून वापरात आहे. ‘स्टँड’ म्हणजे उभे राहणे, हा घटक निर्विवाद आहे. वाद आहे तो ‘अंडर’बद्दल. जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, डच इत्यादींच्या गटातील) भाषांतील या अव्ययात दोन प्राचीन शब्द मिसळले असावेत असे मानले जाते : एक ‘खाली’ या अर्थाचा, संस्कृत अधस् याचा सगोत्र, दुसरा ‘मध्ये’ या अर्थाचा, संस्कृत अंतर् व लॅटिन इंटर यांचा सगोत्र. जर्मनमधील उंटर या अव्ययाला ‘खाली’ आणि ‘च्यापैकी, च्यामध्ये’ असे दोन्ही अर्थ आजही आहेत. पहिल्या पक्षानुसार ‘एखाद्या गोष्टीच्या खाली उभे राहणे’ यावरून आकलनाचा अर्थ आला. परंतु खाली उभे राहिल्याने वस्तू समजते कशी, याचा समाधानकारक खुलासा या पक्षाला करता आलेला नाही. दुसऱ्या पक्षानुसार मूळ अर्थ ‘गोष्टींच्या मध्ये, निकट उभे राहणे’ असा असावा. लॅटिन इंतेल्लेगेरे (मधून निवडणे, समजणे) हे क्रियापद या पक्षाला पोषक आहे. जुन्या इंग्रजीत ‘अंडर’ जोडलेली आणि जाणणे, मनात घेणे, शोध घेणे असे अर्थ असणारी आणखीही क्रियापदे होती. त्यामुळे हा शब्द एकाकी नसून एका लुप्त झालेल्या गटाचा अवशेष आहे, एवढे म्हणता येते.

उभे राहण्यावरून जाणण्याकडे जाण्याची वाट इतर भाषांतही आहे. जर्मन फेरश्टेहेन व डच फेरस्तान या क्रियापदांत उत्तरपद तेच आहे. ग्रीक एपिस्तामाय (जाणणे) याचा घटकार्थही ‘वर उभे राहणे’ असा लावतात. याउलट संस्कृत अवगम् (समजणे) यात ‘अव’ म्हणजे खाली आणि ‘गम्’ म्हणजे जाणे. म्हणजे ‘खाली’ ही दिशा आकलनाला अगदीच परकी नाही आणि पहिला पक्ष सर्वस्वी निकालात निघत नाही. तरीही उपलब्ध पुराव्यावरून ‘मध्ये’ हा पक्ष अधिक ग्राह्य दिसतो.

क्लिअर हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिन क्लारुस याच्यापासून आला. बहुतेक व्युत्पत्तिकार त्याचे मूळ ‘हाक मारणे’ या अर्थाच्या धातूत शोधतात. तसे असल्यास तो आधी स्वच्छ ऐकू येणाऱ्या आवाजाचा शब्द होता आणि डोळ्यांकडे मागाहून वळला. ब्रिलियंटची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. फ्रेंच ब्रियाँ हा शब्द इटालियन ब्रिल्लारे (चमकणे) याच्यावरून आला. त्याचे मूळ बेरिल या रत्नाच्या नावात असावे, असे एक मत आहे. रत्नाचे नाव ग्रीक बेरुल्लोस याच्यावरून आणि ते प्राकृत वेरुलिय, संस्कृत वैडूर्य याच्यावरून आले. प्राकृत शब्द द्राविडी असून त्यात दक्षिणेतील एखाद्या वेळूर वा बेलूर या गावाचे नाव दडले असावे, असेही सुचवले गेले आहे. ब्रिल्लारेपर्यंतचा दुवा मात्र अनुमानिक आहे.

अर्थच्छटांच्या दृष्टीने या क्रियापदांचे कर्म पाहणे उपयुक्त ठरते. इल्यूमिनेट विषयाला लागते, इल्यूसिडेट दुर्बोध उताऱ्याला, एन्लाइटन माणसाला, तर क्लॅरिफाय विधानाला (आणि लोण्यालाही, इंग्रजी कोश तुपाचा अर्थ ‘क्लॅरिफाइड बटर’ असा देतात). एन्लाइटन हे बोलण्यात अनेकदा उपरोधाने येते. ॲप्रिहेंड व कॉम्प्रिहेंड ही दोन्ही लॅटिन ‘पकडणे’ या क्रियापदापासून आली. पहिल्यात नुसती चाहूल वा स्पर्श, दुसऱ्यात पूर्ण कवेत घेणे. म्हणून ईश्वर ॲप्रिहेंड होतो, कॉम्प्रिहेंड होत नाही, असे ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ म्हणत आले. ॲप्रिहेंडचे ‘अटक करणे’ आणि त्याच्या नामाचे ‘धास्ती’ हे अर्थही त्याच पकडण्यातून निघाले. इन्साइट हा देशी शब्द मनोविकारशास्त्रात ‘आपल्या आजाराची रुग्णास असलेली जाणीव’ अशा मर्यादित अर्थाने वापरतात.

प्रकाश आणि आकलन यांची इंग्रजीतील जोडी रूढ होण्यात बायबलचा वाटा मोठा आहे. १६११ च्या अधिकृत भाषांतरात दानिएलाच्या पाचव्या अध्यायात ‘लाइट अँड अंडरस्टँडिंग’ हे शब्द शेजारी येतात, तर इफिसकरांस पत्रात आकलनाचे डोळे प्रकाशित होण्याचा उल्लेख आहे. १७व्या शतकात जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाने अंतःप्रकाशाला (माणसाच्या अंतरी असलेल्या ईश्वरी प्रकाशाला) बायबलच्या वचनाहून कमी लेखले नाही. त्याच शतकाच्या अखेरीस इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने मानवी बुद्धीला आपल्या कामापुरता उजेड देणारी मेणबत्ती म्हटले. लाइट या एका शब्दाचे असे धर्म व बुद्धिवाद हे दोन वारसदार झाले.

यूरोपातील १८व्या शतकाच्या बुद्धिवादी युगाचे नाव म्हणून एन्लाइटनमेंट उशिरा रुळले. जर्मन तत्त्वज्ञ कांटचा ‘आउफक्लेरुंग (एन्लाइटनमेंटची जर्मन संज्ञा) म्हणजे काय’ या प्रश्नावरील निबंध १७८४ चा आहे. इंग्रजीत हा शब्द त्या जर्मन संज्ञेचा पर्याय म्हणून १९व्या शतकात आला, तोही प्रथम काहीसा निंदाव्यंजक. ऑक्सफर्ड कोशाच्या पहिल्या आवृत्तीत त्याच्या अर्थाला उथळ बुद्धिवाद आणि परंपरेचा अनाठायी तिरस्कार या आरोपाची जोड दिलेली होती. बौद्ध ‘बोधि’साठीही १९व्या शतकात हाच शब्द रूढ झाला. बुध् धातूचा अर्थ ‘जागे होणे’ असल्याने अनेक अभ्यासक आता अवेकनिंग हा पर्याय पसंत करतात.

‘पाहणे म्हणजे समजणे’ हे रूपक सार्वत्रिक मानण्याकडे काही भाषावैज्ञानिकांचा कल आहे. इंग्रजी विट (बुद्धी) व वाइज (शहाणा) आणि संस्कृत वेद (ज्ञान) हे शब्द ‘पाहणे’ या अर्थाच्या एकाच मुळापासून आल्याने त्यास आधार मिळतो. मात्र निकोलस एव्हान्स व डेव्हिड विल्किन्स या भाषावैज्ञानिकांनी २००० साली दाखवून दिल्याप्रमाणे ऑस्ट्रेलियातील आदिवासी भाषांत जाणण्याचे शब्द प्रामुख्याने ऐकण्याच्या क्रियापदांवरून बनतात.

मराठीत एन्लाइटनमेंटसाठी प्रबोधन व ज्ञानोदय हे दोन्ही पर्याय आढळतात. पैकी प्रबोधन हा शब्द रेनेसान्ससाठीही (यूरोपातील त्याआधीच्या विद्या-कला पुनरुज्जीवनाच्या काळासाठीही) योजला जातो.