मोटन हायस्कूल, फार्मव्हिल

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत कृष्णवर्णीय मुलांसाठी १९३९ मध्ये बांधलेली शाळा. अलाबामातील कृष्णवर्णीयांसाठीच्या टस्कीगी या शिक्षणसंस्थेत, तिचे पहिले प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यानंतर प्रमुख झालेले रॉबर्ट रूसा मोटन याच काउंटीत वाढले होते. त्यांचेच नाव शाळेला दिले.

इमारत १८० विद्यार्थ्यांच्या हिशेबाने बांधलेली होती. १९५० च्या सुमारास तिथे साडेचारशेहून अधिक मुले शिकत होती. व्यायामशाळा नाही, उपाहारगृह नाही, प्रयोगशाळाही नाही. पालक नवी इमारत मागत राहिले आणि शाळा मंडळाने आवारात डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी खोल्या उभ्या केल्या. पावसात त्या गळत. थंडीत शेगडीजवळची मुले उकाड्याने हैराण होत, लांबची कोट घालूनच बसत. गोऱ्या मुलांच्या शाळेत यातली कोणतीच अडचण नव्हती.

२३ एप्रिल १९५१ रोजी शाळेतल्याच सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्स हिने हे थांबवायचे ठरवले. खोटा फोन करवून मुख्याध्यापकांना बाहेर पाठवण्यात आले, सभागृहात सगळ्यांना बोलावले गेले. तिचे भाषण ऐकून मुले वर्ग सोडून निघाली. संप सुमारे दोन आठवडे चालला. मुलांची मागणी चांगल्या इमारतीची होती. पण मुलांनी ज्यांची मदत मागितली त्या ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांनी अट घातली की, लढायचे तर वर्णभेदी शाळांच्या पद्धतीविरुद्धच लढायचे. मुलांनी व पालकांनी ती मानली, हे धैर्य वकिलांच्या धैर्याहून कमी नव्हते. बार्बराच्या जिवाच्या काळजीने घरच्यांनी तिला अलाबामात काकांकडे पाठवले.

११७ विद्यार्थ्यांच्या नावे दाखल झालेला हा खटला पुढे ‘ब्राऊन विरुद्ध शिक्षण मंडळ’ या खटल्यात सामील झाला. त्यातल्या पाच दाव्यांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिलेला हा एकमेव. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले.

काउंटीने निकाल पाळण्याऐवजी १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांनाच टाळे ठोकले. गोऱ्यांसाठी खाजगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी काहींना परगावी नातेवाइकांकडे धाडले गेले, अनेकांचे शिक्षण कायमचे तुटले. १९६३ मध्ये देणग्यांवर चाललेल्या मोफत शाळा सुरू झाल्या; सरकारी शाळा मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९६४ मध्येच उघडल्या.

मोटनची जुनी इमारत १९९८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरली. आता तिथे संग्रहालय आहे. शाळाबंदीत शिक्षण हुकलेल्यांसाठी व्हर्जिनियाने २००४ मध्ये शिष्यवृत्ती सुरू केली, तेव्हा त्यांच्यातले बहुतेक पन्नाशी-साठीत पोचले होते.