‘एक्स’च्या आधीची गाणी

मराठीत ‘एक्स’ला, म्हणजे सोडून गेलेल्या जोडीदाराला, धड शब्द नाही. ‘पूर्वाश्रमीची पत्नी’ कोर्टाच्या कागदावर शोभते, बोलण्यात नाही. काडीमोड आपल्याकडं जुनीच, पाट लावायचीही रीत होती. पण सोडून गेलेल्या माणसासाठी झुरणारं गाणं जुन्या मराठीत शोधायला गेलं, की हाती लागतं ते वाट पाहण्याचं गाणं. गेलेला माणूस तिथं परतणार असतो. उशीर काय तो झालेला असतो.

ही वाट दोन हजार वर्षांची तरी आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशती या प्राकृत काव्यसंग्रहात, म्हणजे कराडजवळ आगाशिवाची लेणी कोरली जात होती त्याच्या आसपासच्या काळात, एक बाई नवरा गेल्याचे दिवस भिंतीवर रेघा ओढून मोजते. ‘आज गेला, आज गेला’ म्हणत पहिल्या अर्ध्या दिवसातच भिंत रेघांनी भरून टाकते. ज्ञानदेवांच्या विरहिणीत वाट पाहणारी तीच, फक्त येणारा कान्हा झाला. जात्यावरच्या ओवीत मात्र नवऱ्यापेक्षा भाऊ आणि माहेरच जास्त आठवतं. आता हे खरं दुःख की सासूच्या कानावर पडायला चालेल असं दुःख, कुणास ठाऊक.

लावणीनं झुरणं उघड्यावर आणलं. बोलणारी बाई, लिहिणारा पुरुष. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्णींनी कुलकर्णीपण सोडून फड धरला आणि ते पठ्ठे बापूराव झाले, तरी ही वाटणी तशीच राहिली.

जी गोष्ट खऱ्या अर्थानं ‘एक्स’ची म्हणता येईल, ती मिरजेत संपते. किराना घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ बडोद्याच्या दरबारात गायला होते. तिथं सरदार माने यांच्या घरातल्या ताराबाईंशी त्यांचं जुळलं आणि दोघांनी बडोदं सोडलं. त्यांना पाच मुलं झाली. १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावंही बदलली: अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई. पुढं त्याच हिराबाई बडोदेकर. बापाचं गाणं मुलांच्या गळ्यात राहिलं, नाव राहिलं नाही. खाँसाहेबांनी मिरजेत घर केलं. १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात ते वारले, पण दफन झालं ते मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात. दर्ग्याच्या उरुसात आजही त्यांच्या नावानं गाणं होतं.

त्यांची झिंझोटी रागातल्या ‘पिया बिन नाही आवत चैन’ या ठुमरीची तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. रिवाजाप्रमाणं इथंही बोलणारी बाईच, आणि ठुमरी आत्मचरित्र म्हणून ऐकायची नसते हे मला मान्य आहे. पण मिरजेत बसून ती ऐकताना ताराबाई आठवतातच. सैगलनं पुढं हेच शब्द ‘देवदास’ चित्रपटात म्हटले. प्रेयसी हातची गेलेल्या माणसाच्या तोंडी ते चपखल बसले.

मराठीत पुरुष स्वतःच्या तोंडानं रडला तो लोकांच्या कानात घुमला, त्याचं श्रेय माझ्या मते वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंना. सातारा-सांगलीची पोरं पलटणीत गेली, गिरणीत गेली. घराकडं मनीऑर्डर यायची, माणूस यायचा जत्रेला. त्या मुंबईत अण्णा भाऊंची छक्कड, लावणीचाच एक प्रकार, सांगते, की माझी मैना गावावर राहिली. आतवर सल आहे तो संयुक्त महाराष्ट्राचा: बेळगाव, कारवार, निपाणी बाहेर राहिल्याचा. पण राजकारण काढून ठेवलं तरी गाणं उभं राहतं, कारण इथं सोडून जाणाराच रडतो. गाथेतल्या भिंतीपाशी उभी राहिलेली बाई गावात आहे, आणि रेघा मुंबईतला गडी ओढतोय.

भावगीतांच्या काळात हा सातारा-सांगलीचा मुलूख शब्द पुरवण्यात मागं नव्हता. माडगूळकर आटपाडीकडच्या शेटफळ्याचे, पी. सावळाराम येडे निपाणीचे, सुधीर मोघे किर्लोस्करवाडीचे. मोघ्यांचं ‘सखी मंद झाल्या तारका’ इथं महत्त्वाचं. रात्र सरत आलीय, ती आलेली नाही, आणि वाट पाहणारा पुरुष आहे. रागावत नाही, दोष देत नाही, फक्त ‘आता तरी येशील का’ एवढं विचारतो. उत्तर गाण्यात नाही.

सुधीर फडक्यांच्या आवाजात ते घरोघर गेलं, पण राम फाटकांच्या चालीत पुणे आकाशवाणीसाठी ते आधी गायले भीमसेन जोशी. लहानपणी गदगमध्ये एक तबकडी ऐकून, असं गाता आलंच पाहिजे म्हणून घर सोडून पळालेला पोरगा तो हाच. तबकडी होती अब्दुल करीम खाँसाहेबांची, ‘पिया बिन’ची.