एकट्या बेसचं संगीत लूप पेडलमुळे आलं? नाही

‘बेस म्हणजे मागे उभं राहून साथ करायचं वाद्य, एकट्याने वाजवायची टूम लूप पेडलने आणली,’ हे गिटारवाल्यांच्या गप्पांत हमखास ऐकू येतं. वाजवलेला तुकडा टिपून तो पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या या पायाने चालवायच्या यंत्राने सोय झाली हे कबूल. पण १९६८ मध्येच बॅरे फिलिप्स या अमेरिकन वादकाने लंडनमधल्या एका चर्चमध्ये एकट्याने डबल बेस (व्हायोलिनच्या घडणीचा, उभा धरायचा मोठा बेस) वाजवून ध्वनिमुद्रण केलं होतं. खरं तर ते एका संगीतकाराला स्वतःच्या रचनेसाठी कच्चा माल म्हणून हवं होतं; ऐकल्यावर तोच म्हणाला, हे असंच राहू दे. पुढे ती तबकडी तीन देशांत तीन नावांनी निघाली! बेस गिटारवर जॅको पास्टोरियस या अमेरिकन वादकाने १९७६ मध्ये तेच सिद्ध केलं.

गंमत तारेतच आहे. सर्वांत जाड तारेचा खर्ज साधारण ४१ हर्ट्झचा. ती मधोमध न दाबता बोट नुसतं टेकवून छेडली की वरचं सप्तक लागतं, एक तृतीयांशावर त्याच्याही वरचा पंचम. डबल बेसवर गज घोडीला (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) अगदी खेटून ओढला, तर त्याच तारेतून शिट्टीसारखे स्वर निघतात. पेडल कुठेच नाही.